उडत्या तबकड्या, बाथरूमचा पडदा आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या जुन्या अमेरिकन सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की परग्रहवासीयांवरचा इतका हसवणारा सिनेमा मी दुसरा बघितला नाही आणि तुम्हीही एकदा बघाच. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पाककृती आणि नातेसंबंधवाल्यांनी कृपया पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

ताई, तुम्ही नुसतं बघा बघा म्हणालात, गोष्ट काय आहे ते सांगितलंच नाहीत. हॉस्टेलचं वायफाय रडतंय, आधी सांगा मग ठरवतो बघायचा की नाही.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

सांगते ना. परग्रहावरचे लोक तबकड्यांमधून पृथ्वीवर आलेत, त्यांना इथल्या सरकारांशी बोलायचंय, पण सरकारं ते आहेत हेच कबूल करत नाहीत. त्यांचे आधीचे आठ प्लॅन वाया गेलेत (ते आठ कोणते हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही, मला खरंच ऐकायला आवडले असते) म्हणून आता नववा प्लॅन: नुकत्याच मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पिट्युटरी आणि पिनियल ग्रंथींवर लांबूनच विजेचा मारा करायचा, मढी उठवायची, ती राजधान्यांवर चालून जातील आणि मग सरकारं घाबरून ऐकतील. आता अख्ख्या सिनेमात मढी उठतात किती, तर तीन. एक म्हातारा, त्याची बायको आणि एक जाडजूड पोलीस इन्स्पेक्टर. तिघंही एकाच कब्रस्तानातली, तिघंही इतकी हळू चालतात की आपण चहा टाकून परत यावं. राजधानी राहिली बाजूला, कब्रस्तानाशेजारी राहणाऱ्या पायलटच्या घरापलीकडे त्यांची मजल जात नाही!

आणि खरी मजा पुढे आहे. लष्कराच्या अधिकाऱ्यांकडे या परग्रहवासीयांचा संदेश टेपवर आधीच आलेला असतो, त्याचं भाषांतर करणारं यंत्रही तयार असतं, म्हणजे सरळ बोलणं होऊ शकत होतं. हॉलिवूडवर तबकड्या फिरताना लोकांनी बघितल्यात, लष्कराने त्यांच्यावर तोफा पण डागल्यात. मग मढी उठवायची गरज काय, हा प्रश्न सिनेमातलं एकही पात्र विचारत नाही. मी मात्र प्रत्येक वेळी टीव्हीसमोर बसून मोठ्याने विचारते.

बेला लुगोसी हा सिनेमा बनायच्या आधीच वारला होता असं वाचलं. मग पडद्यावर त्याचं नाव कसं काय?
— जुन्या सिनेमांचा वेडा, कोल्हापूर

बरोबर वाचलंत तुम्ही. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ने ज्याला जगभर ओळख दिली तो लुगोसी १६ ऑगस्ट १९५६ ला गेला, आणि या सिनेमाचं शूटिंग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालं. पण दिग्दर्शक एड वुडने त्याआधी दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमासाठी म्हणून लुगोसीवर थोडं मूक चित्रण करून ठेवलेलं होतं, जेमतेम काही मिनिटांचं. म्हातारा घरातून बाहेर येतो, फुलाचा वास घेतो, चालू लागतो. झगा घालून मोकळ्या जागेत येतो, हात पसरतो. एवढंच. वुडने या तुकड्यांभोवती नवीन गोष्ट रचली. फुलाचा वास घेऊन म्हातारा फ्रेमच्या बाहेर जातो, ब्रेकचा करकचून आवाज, किंकाळी, झाला अपघात, गेला म्हातारा. गाडी दिसत नाही, कारण ती नव्हतीच.

मग उठलेलं मढं म्हणून उरलेल्या सीनमध्ये कोण? तर वुडच्या बायकोवर उपचार करणारा कायरोप्रॅक्टर, टॉम मेसन, म्हणजे हाडं-मणके बसवून देणारा माणूस. तो लुगोसीपेक्षा उंच, अंगाने वेगळा, चेहरा तर कुठेच जुळत नाही. म्हणून त्याने अख्खा सिनेमाभर झगा नाकावर धरलाय. खिडकीतून आत येताना पण, बाईच्या मागे लागताना पण, दार उघडताना पण. कोपर वर करून चालतोय बिचारा. आणि अधूनमधून खऱ्या लुगोसीचा तोच तो तुकडा परत येतो, तो बाहेर ऊन असताना घेतलेला, आणि आजूबाजूचे सीन स्टुडिओतल्या काळोखातले, त्यामुळे एकच मढं एका क्षणी भर दुपारी चालतंय आणि दुसऱ्या क्षणी मध्यरात्री. हे पहिल्यांदा लक्षात आलं की मग पुढे दर सीनला आपण तेच शोधत बसतो.

मला मात्र त्या फुलाच्या तुकड्याशी हसू येत नाही. त्र्याहत्तर वर्षांचा नट आहे, थकलेला दिसतो, आणि एक साधं फूल हातात घेऊन तो जे करतो ते उरलेल्या सिनेमात कुणालाच जमलेलं नाही.

तबकड्या म्हणजे कागदी प्लेटा होत्या ना? की गाडीच्या चाकाची झाकणं? आमच्यात पैज लागलीय, लवकर सांगा.
— तीन मित्र, अकोला

तिघंही हरलात असं दिसतंय. दोन्ही अफवा वर्षानुवर्षं चालू आहेत, पण त्या दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या तबकड्या होत्या, घरी जोडून बनवायच्या किटवाल्या. दोऱ्याने लटकवल्यात, आणि दोरा दिसतो.

पण तुम्ही तबकड्यांवर अडकू नका हो, त्यापेक्षा विमानाचं कॉकपिट बघा. दोन खुर्च्या, दोन पायलट, मागे साधी पाटी ठोकलेली भिंत, आणि दाराच्या जागी पडदा. बाथरूमला लावतात तसला. एअर होस्टेस तो पडदा सरकवून आत येते. समोर काटे, बटणं, दिवे काही म्हणजे काही नाही. भिंतीवर माइकच्या दांड्याची सावली पडलीय. तबकडी जवळ येते तेव्हा विमान हलायला हवं, तर नट स्वतःच खुर्चीत डोलतात आणि वरून लाइट मारलाय. एवढ्या चिंचोळ्या जागेत तो सीन मिनिटभर नाही, चांगला लांबलचक चालतो, त्यामुळे आपल्याला सगळं नीट बघायला वेळ मिळतो. कब्रस्तानात तेच. कुणी पळत गेलं की थडग्याचा दगड हलतो, पायाखालचं गवत चटईसारखं गोळा होतं. एक पोलीस अधिकारी बोलता बोलता हातातल्या पिस्तुलाने खाजवतो पण. रिटेक घेतलाच नाही कुणी, पहिल्या झटक्यात जे आलं ते ठेवलं.

आता माझं प्रामाणिक मत सांगू? दोरा, पडदा, प्लास्टिक यावर मी हसते, पण ते हसू पाच मिनिटांत संपतं. पैसे नव्हते, काय करणार माणूस. ज्यावर मी दर वेळी नव्याने हसते ते म्हणजे लिखाण, कारण संवाद लिहायला कागद आणि पेनच लागतं, आणि तिथेच या सिनेमाने सगळ्यात मोठी माती खाल्लीय. पुढचा प्रश्न नेमका त्यावरच आलाय.

मी ३४ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. तुमचं वाचून सिनेमा पाहिला. त्यातल्या सूर्यप्रकाशाच्या बॉम्बबद्दल लिहाल का? मी खुर्चीतून उठलो होतो.
— निवृत्त शिक्षक, सातारा

सर, मला तुमची अवस्था कळतेय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परग्रहवासीयांचा तरुण अधिकारी इरॉस शेवटी माणसांना भाषण देतो: आधी तुम्ही फटाका बनवलात, मग हातबॉम्ब, मग मोठा बॉम्ब, मग अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्ब, आता तुम्ही सूर्यप्रकाशाचे कणच फोडणारा ‘सोलरोनाइट’ बनवाल आणि अख्खं विश्व घालवाल. मग तो उदाहरण देतो. पेट्रोलचा डबा म्हणजे सूर्य, त्यातून पेट्रोलची बारीक धार एका चेंडूपर्यंत न्यायची, चेंडू म्हणजे पृथ्वी, चेंडूला काडी लावली की आग धारेवरून उलट डब्यापर्यंत जाईल, सूर्य फुटेल, आणि जिथे जिथे सूर्यप्रकाश पोचतो तिथे तिथे सगळं पेटेल.

आता तुम्ही मुलांना शिकवलंतच असेल, की प्रकाश म्हणजे इंधन नाही. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं, त्यातून ऊर्जा सुटते, ती शेवटी प्रकाश बनून बाहेर पडते आणि सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांत आपल्याकडे येते. फोटॉनला वस्तुमान नाही, त्यात जळायला काही शिल्लक नाही. इंधन जळायचं ते तिकडेच राहिलं. आणि इरॉसचं खरं मानलं तर चांदणंसुद्धा सूर्याचंच परत आलेलं ऊन आहे, म्हणजे कोजागिरीला पण सांभाळून बसायला हवं.

पण सर, एक गोष्ट मला या भाषणाबद्दल मनापासून सांगायचीय. त्यामागची भीती खोटी नव्हती. १९४२ मध्ये एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाने खरोखरच शंका काढली होती की अणुबॉम्बच्या उष्णतेने वातावरणच पेटलं तर, आणि त्याचा सहकारी शास्त्रज्ञ हान्स बेथेने गणित करून ते होणार नाही असं दाखवलं. १९५४ ला बिकिनी बेटावरचा हायड्रोजन बॉम्ब तर शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट जोरात फुटला, १५ मेगाटन. त्यानंतर दोनच वर्षांनी वुडचं शूटिंग सुरू झालं. म्हणजे हातात विषय जबरदस्त होता. आणि त्याचं काय केलं तर पेट्रोलचा डबा आणि चेंडू, आणि माणसांना वाचवायला आलेला इरॉस त्यांना मूर्ख मूर्ख म्हणत ओरडतो आणि पायलटकडून ठोसा खातो. वाटाघाटी संपल्या!

त्याच भाषणाच्या आसपास त्याची सहकारी टाना पुढे होते तर तो तिला गप्प करतो, आमच्याकडे बायका वंश वाढवायला असतात, लढाई त्यांचं काम नाही म्हणे. ताऱ्यांपलीकडून आलेला माणूस आणि विचार असले. पण ऐका, टाना झालेली नटी जोआना ली पुढे टीव्हीची लेखिका झाली, कितीतरी गाजलेल्या मालिकांसाठी तिने लिहिलं आणि १९७४ ला लेखनासाठी एमी पुरस्कार मिळवला. हे कळल्यापासून तो सीन बघताना मला फार बरं वाटतं.

एवढा पैसा कुणी घातला?
— सीए, ठाणे

‘एवढा’ म्हणजे सुमारे ६० हजार डॉलर, त्या काळच्या हॉलिवूडमध्येही ही रक्कम फार लहान. तो दिला बेव्हर्ली हिल्समधल्या एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी, यातून नफा झाला की धार्मिक सिनेमे काढू या आशेने. त्यांच्या अटीवर टीममधल्या काही लोकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात टॉर जॉन्सनही होता, तोच जाडजूड इन्स्पेक्टर, मूळचा स्वीडिश कुस्तीगीर. आणि सिनेमाचं मूळ नाव होतं अंतराळातले थडगेचोर अशा अर्थाचं, ते चर्चवाल्यांना रुचलं नाही म्हणून बदललं. पण सुरुवातीला क्रिसवेल नावाचा टीव्हीवरचा भविष्यवेत्ता टेबलामागून प्रेक्षकांशी बोलतो ना, त्याच्या तोंडी जुनंच नाव राहून गेलंय. तुम्ही ऐका, स्पष्ट ऐकू येतं. १९५७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला पहिला खेळ झाला आणि सगळीकडे प्रदर्शित व्हायला त्यानंतरही बराच वेळ गेला.

मेलेल्या माणसाच्या कामावर इतकं खदाखदा हसणं मला पटत नाही. त्याने मेहनतच घेतली होती ना? तुमच्यावर कुणी असं हसलं तर?
— गृहिणी, म्हापसा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि उत्तर टाळणार नाही. एड वुड दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात सैनिक होता, परत आल्यावर हॉलिवूडमध्ये पडेल ते केलं, लिहिलं, दिग्दर्शन केलं, अभिनय पण केला. शेवटी शेवटी दारू आणि गरिबी, भाड्याच्या घरातूनही बाहेर काढलं, आणि १० डिसेंबर १९७८ ला एका मित्राच्या घरी हार्ट अटॅकने गेला, ५४ व्या वर्षी. १९८० ला हॅरी आणि मायकेल मेडव्हेड या भावांच्या पुस्तकात वाचकांच्या मतांवरून या सिनेमाला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा ठरवलं, आणि तिथून तो अचानक प्रसिद्ध झाला, कॉलेजांमध्ये, मध्यरात्रीच्या खेळांना लोक गर्दी करायला लागले. वुडने यातलं काहीच पाहिलं नाही. १९९४ ला टिम बर्टनने त्याच्यावर सिनेमा काढला, त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडोला ऑस्कर मिळालं. ते पण त्याच्या मागे.

म्हणून मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण न हसणं हा त्यावर उपाय आहे असं मला नाही वाटत. लुगोसीकडे हॉलिवूड बघेनासं झालं होतं तेव्हा वुडने त्याला काम दिलं. व्हॅम्पायरा म्हणून भुतांचे सिनेमे टीव्हीवर सादर करणारी माइला नुर्मी, तिचा कार्यक्रम बंद झाला होता, तिलाही त्याने घेतलं, आणि तिला संवाद नको होते तर ठीक आहे, मुकी राहा म्हणाला. माणूस मनाने मोठा होता. लेखक मात्र वाईट होता. दोन्ही खरं आहे ताई, आणि मी हसते ते त्याच्या लिखाणावर. त्या सिनेमात काम केलेल्यांची नावं आज आपण गोव्यात आणि पुण्यात बसून घेतोय ती लोक हसत हसत तो बघत राहिले म्हणूनच ना. माझं लिखाण पन्नास वर्षांनी कुणी वाचून हसलं तर हसू दे, वाचलं तरी.

आपल्याकडे असला सिनेमा झालाय का? की हे खूळ अमेरिकेतच?
— निवृत्त एसटी कर्मचारी, बार्शी

झालाय की काका! १९६७ चा ‘चाँद पर चढाई’. दारासिंग अंतराळवीर. माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी आपला दारासिंग तिथे जाऊन राक्षसांशी आणि दुसऱ्या ग्रहावरच्या योद्ध्यांशी कुस्ती खेळून आला, सोबतीला आपले भगवानदादा, आणि चंद्रावर हेलन आणि पद्मा खन्ना, म्हणजे गाणी आलीच, संगीत उषा खन्नांचं. बघा ना, तिकडे टॉर जॉन्सन कुस्तीगीर, इकडे दारासिंग कुस्तीगीर. पैसा कमी असला की निर्मात्याला पहिलवान परवडतो, कारण पहिलवान उभा राहिला की वेगळा सेट लागत नाही. पण मला विचाराल तर टॉरवर अन्याय झालाय. दारासिंगला त्याचं काम दिलं, कुस्ती. टॉरला वुडने लांबलचक संवाद दिले, आणि मेल्यावर थडग्यातून उठायला लावलं, आणि त्या अवाढव्य माणसाला त्या खड्ड्यातून उठता उठता जी कसरत करावी लागते ती पडद्यावर दिसते.

आम्ही पाच जण मिळून एलियनवर शॉर्टफिल्म करतोय, बजेट म्हणजे आमचे खिसे. तुमचं वाचून टेन्शन आलं, लोक आमच्यावरही असंच हसतील का?
— फिल्मवेडे, पुणे

बजेटवर नाही हसणार. १९६८ चा जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ बघितलाय का? तोही काळापांढरा, तोही कमी पैशांतला, सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, त्यातही मढीच उठतात, आणि तीही हळूच चालतात. पण बघताना हसू फुटत नाही, अंगावर काटा येतो. कारण त्यात एक घर आहे, आत माणसं कोंडलीत, आणि ती एकमेकांशी खऱ्या माणसांसारखी भांडतात. मढी का उठली याचं धड स्पष्टीकरणसुद्धा तो देत नाही. वुडने पेट्रोलचा डबा दिला, रोमेरोने दार कुणी उघडायचं यावरून भांडण दिलं.

म्हणून तुम्ही तबकडी दाखवूच नका, खिडकीतून उजेड आणि खाली बघणाऱ्या माणसाचा चेहरा पुरे. एलियनला भाषण देऊ नका. स्क्रिप्ट पाचही जणांनी मोठ्याने वाचा, आणि जिथे पाचातले दोघे हसतील ते वाक्य काढून टाका, त्यावर वाद घालू नका. दिवस-रात्र सांभाळा, एक सीन दोन वेगळ्या दिवशी घेणार असाल तर वेळ लिहून ठेवा, सावल्यांचे फोटो काढून ठेवा, मोबाइल आहे ना हातात. आणि मुद्दाम वाईट बनवू नका प्लीज, आजकाल तो एक प्रकार निघालाय, मुद्दाम दोरा दाखवायचा आणि डोळा मारायचा. त्यावर मला कधीच हसू आलं नाही. वुडच्या दोऱ्यावर येतं, कारण तो दोरा कुणाला दिसणार नाही असं त्याला खरंच वाटत होतं.

झाली की लिंक पाठवा, नक्की बघेन आणि खरं सांगेन.

सातवीतल्या मुलाला दाखवला तर चालेल का?
— आई, डोंबिवली

चालेल, जेमतेम ८० मिनिटांचा आहे, रक्तबिक्त नाही, घाबरण्यासारखं तर काहीच नाही. नंतर रंग भरलेली आवृत्तीही निघालीय पण तुम्ही काळीपांढरीच दाखवा. आणि शेवटी क्रिसवेल परत येऊन प्रेक्षकांना विचारतो की हे घडलंच नाही असं तुम्ही सिद्ध करू शकाल का, तिथे पॉज करा आणि मुलाला उत्तर द्यायला सांगा. सातवीतला मुलगा आहे, दहा मिनिटं थांबणार नाही बोलायचा.